कडेचे खळगे

१६ फेब्रुवारी, सोमवार

प्लेट वाचली, बारीक खळग्यांची, दर खळग्यात पेशी. आरएनए घातलेल्या कॅन्सरच्या पेशी कंट्रोलच्या निम्म्याही वाढलेल्या नाहीत. डिसेंबरपेक्षा चांगलं. जानेवारीपेक्षाही चांगलं. आलेख पीएच.डी.च्या गाईड मॅडमना पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला.

जिवंत पेशी पिवळ्या द्रावणाला जांभळं करतात. जितक्या जास्त तितका रंग गडद. आज प्लेटचे मधले खळगे गडद, दोन्ही कडांचे फिके. कडेच्या उभ्या रांगांत आरएनए, मधे कंट्रोल, म्हणजे काही न करणारा तुकडा घातलेल्या पेशी. ही मांडणी लॅबमध्ये माझ्या आधीपासून आहे. रुमालाला काठ असावा तशी प्लेट दिसत होती. उजेडाकडे धरून पाहिली.

दाखवायला कोणी नव्हतं. ओंकारचं टेबल रिकामं. नव्या वर्षापासून तो खराडीला, एका कंपनीत. पाच वर्षं शेजारी बसलो. निरोपाच्या दिवशी समोसे होते. त्याने विचारलं, "चटणी संपली का?" मी म्हणाले, "संपली." एवढंच बोलणं झालं.


२२ फेब्रुवारी, रविवार

पेशींचं पाणी बदलायला गेले. इमारतीत वॉचमन आणि मी.

परतताना आईचा फोन.

"काय करून राहिली?"

"पेशींना खाऊ घालून आले."

"रविवारी बी?"

"त्यांना रविवार नसतो."

"तुले तरी कुठं हाय." मग म्हणाली, "ते इवलंसं आरएनए नेमकं करते काय, मले एकदा सांग. लोकं पुसतात."

सांगितलं. पेशीच्या आत निरोप जात असतात: वाढा, फुटा, दोनाचे चार व्हा. हा तुकडा त्या निरोपाला जाऊन चिकटतो. निरोप पोचत नाही. हा स्वतः काहीच बोलत नाही, दुसऱ्याला बोलू देत नाही. पोटाच्या कॅन्सरच्या पेशींत तो कमी झालेला असतो. मी तो परत घालते.

"म्हंजे तुह्या मोठ्या आत्यावानी," आई म्हणाली. "ते घरात आली का सगळे चूप."

खूप हसले. रस्त्यात, एकटीच. एका स्कूटरवाल्याने वळून पाहिलं.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

घरमालकीण काकू दारातच उभ्या.

"लॅबमधून आलीस की आधी हातपाय. मग स्वयंपाकघर. ते कॅन्सरचं काही चिकटून आलं तर?"

"तसं येत नाही, काकू."

"तुला माहीत आहे. मला कुठे माहीत आहे?"

सदाशिव पेठेतली ही मागची खोली घ्यायला आले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. सांगितलं. "बरं," म्हणाल्या. खोली दिली. हातपाय धुण्याचा नियम तेव्हापासूनचा. पेशींमुळे की कशामुळे, विचारलं नाही. हात धुतले. तसेही दिवसभर धुतेच.


५ मार्च, गुरुवार

पेपर जर्नलकडे गेला. पहिलं नाव माझं. मॅडमनी बटण मला दाबायला दिलं. "दाब. नंतर म्हणू नकोस म्हातारीने घाई केली."

सारांशातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. 'हा आरएनए परत दिल्यास जठराच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते.' चार वर्षं, एक वाक्य. चांगलं वाक्य आहे. विशेषण नाही.


११ मार्च, बुधवार

आई: विहाराच्या कमिटीने ठरवलं. चौदा एप्रिलला माझा सत्कार. शाल, श्रीफळ नाही, पुस्तक. कमिटीचे वानखडे काका स्वतः घरी येऊन गेले.

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? कॅन्सरचं औषध काढलं ना तू."

"आई, औषध नाही. पेशी हळू वाढतात, प्लेटमध्ये. माणसात नाही."

"आज प्लेटात, उद्या माणसात. तुह्या बाबानं पेढे वाटले बी."

पूर्वी दर वेळी दुरुस्त करायची. या वेळी म्हणाले, येते.


१७ मार्च, मंगळवार

पेशी ज्या उबदार कपाटात ठेवतो त्या इन्क्युबेटरच्या तळाशी पाण्याचा ट्रे असतो. आतली हवा दमट राहावी म्हणून. आज माझ्या पेनचं टोपण घरंगळून खाली गेलं, ते काढायला वाकले.

ट्रे कोरडा. नुसता कोरडा नाही. तळाला पांढरा थर, त्याला भेगा. एका दिवसाचं काम नाही ते.

ट्रे कोणी भरायचा याचा कागद भिंतीवर आहे. त्यावर पूर्वी शिकून गेलेल्यांची नावं. लॅबमधल्या दोन नव्या मुलींना विचारलं. एक म्हणाली, मला वाटलं तुम्ही भरता. दुसरी म्हणाली, मला वाटलं ते आपोआप असतं.

मी स्वतः कधी भरला? आठवत नाही. कधीही पाहिला तेव्हा भरलेलाच असायचा.

ट्रे घासला. भरला. मग खुर्चीवर बसले आणि तेव्हा कळलं.


१८ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत ओंकारला फोन. मागे कँटीनचा गोंगाट.

"इन्क्युबेटरचा ट्रे तू भरायचास?"

"हो. दर सोमवारी. का गं?"

"कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय? पाणी तर ओतायचं. थांब. तुम्ही भरत नाही आहात?"

"नाही."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

तो हुशार आहे. पुढचं मला सांगावं लागलं नाही. हवा कोरडी असली की प्लेटच्या कडेच्या खळग्यांतलं पाणी आधी उडतं. उरलेलं दाट होतं. पेशी आखडतात, वाढत नाहीत. मधल्या मजेत असतात. आणि कडेला आहे कोण? माझा आरएनए. नेहमीच.

"म्हणजे जानेवारीपासून तुझे रिझल्ट भारी असणार," तो म्हणाला.

"हो."

"पण मी होतो तेव्हाही फरक होताच की. कमी, पण होता."

"ट्रे भरलेला असला तरी कडा थोड्या सुकतातच."

कोणीतरी त्याला हाक मारली. "आ रहा हूँ," त्याने हिंदीत सांगितलं. मग मला, "एवढं टोकाचं समजू नकोस. उलटी मांडून बघ. मी करतो फोन."

आलेख काढून बसले. डिसेंबरपर्यंत रेघ सपाट. जानेवारीपासून फरक वाढत जातो. लॅबमधून एक माणूस गेला ते माझ्या आलेखात दिसतं. मी त्यालाच यश समजले होते.


१९ मार्च, गुरुवार

पाडवा. लॅब बंद. काकूंनी गुढी उभारली. श्रीखंडाची वाटी माझ्या दाराबाहेर झाकून ठेवली होती, हाक न मारता. खाल्लं. वाटी धुऊन त्यांच्या दाराबाहेर ठेवली.

दिवसभर कोणाशी बोलणं नाही. मॅडमना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. सगळ्यांची सुरुवात 'कदाचित'ने होत होती. 'कदाचित' खोडलं.


२० मार्च, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. उभ्यानेच.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला.

"म्हणजे चार वर्षं आपण पेशींना तहानेने मारत होतो तर."

"सगळंच नसेल तसं. काही भाग—"

"कुठला भाग?"

"ते माहीत नाही."

"कडेचे खळगे रिकामे सोडावेत हे पुस्तकात लिहिलेलं असतं. माहीत आहे ना?"

"हो."

"मग?"

मग काय. या लॅबमध्ये खळगा रिकामा सोडायचा नाही, हा त्यांचाच नियम. प्लेट महाग, पेशींचं खाद्य महाग, उधळपट्टी नको. पहिल्याच दिवशी सांगतात. मी बोलले नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "हं. मीच सांगितलं होतं."

पेपर थांबवायची मेल त्यांनी माझ्यासमोर लिहिली. दोन ओळी. पाठवताना माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता नीट कर. आणि हे बघ, सुजाता, खरं निघो म्हणून करू नकोस. खोटं निघो म्हणूनही नको."

जिना उतरताना पाय हलके होते.


२८ मार्च, शनिवार

आठवड्याच्या दोन प्लेटा.

पहिली उलटी: आरएनए मधे, कंट्रोल कडेला. कंट्रोलच मागे पडला. जे काही न करणारं म्हणून घातलं त्यानेच वाढ रोखली. हसू आलं नाही.

दुसरी: कडेला नुसतं पाणी. दोघे मधे, शेजारी शेजारी. फरक आहे. बारीक.

मॅडमनी कागद लांब धरून पाहिला. "आहे म्हणायला आहे."

"आणि नाही म्हणायला?"

"नाही म्हणायलाही आहे."

ठरलं: प्लेट सोडायची. मोठ्या डिश घ्यायच्या, काठाची भानगड नाही. पेशी अगदी विरळ टाकायच्या, एकेकटी पडेल अशा. मग हात लावायचा नाही. दोन आठवड्यांत एकट्या पेशीपासून वस्ती उभी राहते किंवा राहत नाही. राहिली तर डाग दिसतो. डाग मोजायचे.

कॅन्सरच्या पेशींनाही एकटीला वाढणं जड जातं. बऱ्याच जणी तशाच संपतात. त्यांना आरएनएची गरज नसते.


३० मार्च, सोमवार

सहा डिश. तीन आरएनए, तीन कंट्रोल. मी पेशी टाकल्या, मग मॅडमनी मला खोलीबाहेर काढलं. माझी लेबलं सोलून स्वतः अक्षरं घातली: क, ख, ग, घ, च, छ. जागा बदलल्या. कोणती कोण हे फक्त त्यांना माहीत.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या डोळ्यांवर नाही. माझ्याही नाही."


३ एप्रिल, शुक्रवार

वानखडे काकांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला. चौकातला. वर निळं आभाळ, मधे मी. एम.एस्सी.च्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला. कान दोन रंगांचे. खाली: 'कर्करोगावर औषध शोधून समाजाचे नाव उज्ज्वल करणारी आपली लेक'.

बराच वेळ बघितला. औषध. शोधून. भूतकाळ.

ओंकारचा फोन नाही. मीही केला नाही.


७ एप्रिल, मंगळवार

आईला सांगितलं.

"आई, मी येत नाही चौदाला."

"कायले?"

"काम चुकलं. खरं असेल, नसेल. अजून कळायचं आहे."

"कोणी चुकवलं?"

"कोणी नाही. मीच. सगळ्यांनीच."

"मंग दुरुस्त कर अन् ये."

"फ्लेक्स काढायला सांग."

"आता कसा काढू? अख्ख्या वस्तीनं पाहिला. शेजारच्या रमाईची नात तिथं उभी राहून सेल्फी घेते. म्हणते मी बी सुजाताताईसारखी शिकन. तिले काय सांगू मी?"

बाबांनी फोन घेतला. शाळामास्तर. हळू बोलतात.

"तू म्हणतं का ते औषध नाही?"

"नाही, बाबा. आणि आता तर काहीच नसेल."

"मंग त्या फ्लेक्सवर कागद चिकटवतो मी. 'औषध शोधून'वर. नुसतं 'संशोधन करणारी' ठेवतो. चालते?"

"चालते."

"सत्कार नोको म्हणून सांगतो. वानखडे रागावन."

"तुम्हाला त्रास होईल."

"होईन थोडा," म्हणाले.


१३ एप्रिल, सोमवार

डिश काढल्या, धुतल्या, रंग घातला. डाग उमटले. फोटो घेतले. पाहून लगेच लॅपटॉप बंद केला.

डोळा ऐकत नाही. कोण विरळ, कोण दाट, आपोआप शोधतो. माझी मोजणी पुरेशी नाही. लॅबबाहेरचं, काही माहीत नसलेलं कोणीतरी हवं, मॅडम म्हणाल्या.

माझ्याकडे तसं कोण आहे? फोनमधली नावं वर-खाली केली. शेवटी ओंकारला विचारलं. त्याला सगळं माहीत आहे, पण कोणत्या अक्षरामागे काय ते नाही. 'शनिवारी येतो नक्की', आलं. नक्कीपुढे उद्गारचिन्ह.


१४ एप्रिल, मंगळवार

स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी जाऊन आले. रांगेत उभी राहिले. पुढे एक कुटुंब, आजीपासून तान्ह्यापर्यंत. बाईने विचारलं, "एकट्याच का ताई? या ना आमच्यात." त्यांच्यात उभी राहिले. खीर मिळाली. त्यांनी फोटो काढला, त्यात मीही असेन.

संध्याकाळी बाबांचा मेसेज. फ्लेक्सवर चिकटवलेला कागद. त्यांचं अक्षर, फळ्यावरचं. जयभीम, एवढंच खाली.


१८ एप्रिल, शनिवार

मी आजवर मोजलं नव्हतं, ओंकार आल्यावर दोघांनी वेगवेगळं मोजायचं म्हणून. पोहे भिजवले होते.

दुपारी मेसेज: 'सॉरी यार. टीम आउटिंग, टाळता येत नाही. पुढच्या आठवड्यात पक्कं?' खाली बाणेरच्या कुठल्याशा हॉटेलचा फोटो. ताटांच्या मागे चेहरे. त्याचाही. बरा दिसत होता.

'चालेल' लिहिलं. मॅडम सोमवारी आकडे मागणार आहेत.

पोहे खूप झाले. अर्धे काकूंना नेऊन दिले. "कोण येणार होतं?" म्हणाल्या. कोणी नाही, म्हटलं. त्यांनी चव घेतली. "मीठ कोणी घालायचं?"


१९ एप्रिल, रविवार

सकाळी माझी मोजणी. मग लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेले.

"काकू, डाग मोजायचेत. तुम्हाला वेळ आहे?"

"कसले डाग?"

"पेशींचे. फोटो आहेत. फोटोतून काही चिकटत नाही."

"टोमणा मारतेस?"

"शिकले इथेच."

त्या हसल्या की नाही सांगता येत नाही. टेबल पुसलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या भिंतीवरची मुंगी दाखवतात. नियम सांगितला: टाचणीच्या डोक्याएवढा किंवा मोठा डाग धरायचा, बारीक सोडायचा. त्यांनी खरीच टाचणी आणली. पडद्याला लावून लावून पाहत होत्या. मोठ्याने मोजत होत्या, दहाच्या पाढ्यावर थांबत.

"हा धरू?"

"तुम्ही ठरवा."

"अगं पण काठावर आहे."

"तुम्ही ठरवा, काकू."

"भलतीच कडक आहेस."

सगळा वेळ मी पंख्याकडे पाहत होते. पडद्याकडे पाहिलं असतं तर चेहऱ्यावर आलं असतं.

संपलं तेव्हा चहाची वेळ झाली होती. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "यातलं चांगलं कुठलं? जास्त डागांचं की कमी?"

"कमी."

"मग आधी नाही का सांगायचं? दोन-चार सोडले असते मी तुझ्यासाठी."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि नाहीच निघालं तुझ्या मनासारखं, तर?"

"तसं लिहीन."

"पदवी?"

"मिळेल. उशिरा. 'असं होत नाही' यावरही मिळते."

"घरचे काय म्हणतील?"

त्यांनी पहिल्यांदाच घरचं विचारलं. बाबांनी फ्लेक्सवर कागद लावल्याचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग आत जाऊन दोन कप घेऊन आल्या. चहा बरा होता.

खोलीत येऊन आकडे शेजारी शेजारी लिहिले. दोन डिश विरळ, तीन दाट. काकूंची आणि माझी मोजणी जवळपास तीच. उरली 'घ', मधलीच. तीही त्या विरळ दोघींसारखी आरएनएची असेल तर माझ्या वाक्यातलं थोडं तरी उभं राहतं. कंट्रोलची असेल तर फरक नाही, नुसता योगायोग.

'घ'मध्येच आम्ही जुळत नाही. काठावरचे डाग मी सोडलेत, काकूंनी धरलेत. माझा आकडा बराच कमी. इतर एकाही डिशमध्ये माझा हात इतका आखडलेला नाही.

म्हणजे 'घ' आरएनएची आहे असं मी मनात धरून बसले आहे. कोणी सांगितलेलं नसताना.

मॅडमनी उद्या अकरा वाजता बोलावलं आहे. 'घ'समोर काकूंचा आकडा लिहिला. माझा खोडला नाही, खाली ठेवला, कोणाचा कोणता ते नावासकट.